ग्रंथालयाचा दर्जा नक्की मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी! नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, समिती येणार म्हटलं की कॉलेजच्या ग्रंथालयात काय धांदल उडते, ते तुम्हाला सांगायला नको. दाखलनोंद रजिस्टर बाहेर निघतं. ग्रंथ किती, नियतकालिकं किती, खर्च किती, रोज येणारे किती. आकडे खरेच असतात. पण पीएच.डी. करणाऱ्या मुलीला हवा तो लेख मिळाला का, याचा रकाना त्यात नसतो.

अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन ग्रंथालयांचंही वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. त्यांची संघटना, एआरएल (असोसिएशन ऑफ रिसर्च लायब्ररीज), दरवर्षी संग्रह, खर्च आणि कर्मचारी यांची आकडेवारी काढायची. मग नव्वदच्या दशकात जर्नलांच्या, म्हणजे संशोधन नियतकालिकांच्या, किमती भडकल्या, बजेट पुरेनात, आणि ‘इतके पैसे कशाला?’ असं विद्यापीठं विचारायला लागली. त्या प्रश्नाला ग्रंथसंख्या हे काही उत्तर होत नाही.

उत्तर आलं मार्केटिंगवाल्यांकडून. परसुरामन, झाइटहॅमल आणि बेरी यांनी १९८८ साली बँका, दुरुस्ती सेवा वगैरेंचा दर्जा मोजायला ‘सर्व्हक्वाल’ नावाची प्रश्नावली मांडली होती. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या ग्रंथालयानं ती वापरून पाहिली, आणि पुढे एआरएलबरोबर तिला ग्रंथालयाचं रूप दिलं. ते ‘लिबक्वाल’. पहिली चाचणी २००० साली झाली.

यात विधानं २२. खरी गंमत उत्तरात आहे. प्रत्येक विधानाला १ ते ९ मध्ये तीन गुण द्यायचे: किमान किती चालेल, किती असावं, आणि सध्या किती मिळतं.

(स्क्रीनवर दोन ओळी दाखवा.)

समजा, ‘कामाला लागणारी जर्नल्स’ याला एका प्राध्यापकांनी किमान ७ आणि मिळतात ६ असं लिहिलं. ‘अभ्यासाला शांत जागा’ याला किमान ४, मिळते ६. नेहमीच्या फीडबॅक फॉर्मात दोन्ही ठिकाणी ६ दिसले असते आणि आपण पुढे गेलो असतो. इथे मात्र ‘मिळतं’मधून ‘किमान’ वजा केलं, की जर्नल्स उणे एकवर आहेत आणि जागा अधिक दोनवर. म्हणजे पुढचा रुपया वाचनकक्षाच्या नव्या खुर्च्यांवर घालायचा नाही! अर्थात, हेच पदवीच्या मुलांना विचारलं तर चित्र उलटंही येईल, म्हणून प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी यांचे निकाल वेगवेगळे वाचायचे. सगळ्यांची सरासरी काढलीत, तर मेहनत पाण्यात.

आता अवघड भाग. उणे एक कळलं, पुढे काय? बहुतेक ठिकाणी अहवाल आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, फाइलीत जातो. काउंटरवरच्या परिचराला तो कोणी दाखवत नाही, आणि कार्यपद्धत बदलायची असते ती नेमकी त्यानंच. मग तो म्हणतो, ‘आजवर असंच चालत आलंय.’ त्याचंही काय चुकलं?

अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या ग्रंथालयानं लिबक्वाल येण्याआधीच, १९९३ च्या सुमारास, विभागांची उतरंड मोडून कर्मचाऱ्यांच्या टीम केल्या. डीन होत्या कार्ला स्टॉफल. आंतरग्रंथालयीन देवघेव (दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवणं), परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं, असली रोजची कामं तिथल्या कर्मचाऱ्यांनीच टप्प्याटप्प्यानं तपासली: पुस्तक कुठे अडकतं, किती वेळ, आणि का. सगळं सुरळीत झालं नाही. भूमिका बदलल्या की माणसं धास्तावतात, आणि बैठकांत वेळही भरपूर जातो. पण आकडे स्वतः गोळा केलेले असले, तर त्यांच्याशी भांडण होत नाही. मला तरी लिबक्वालच्या गुणांपेक्षा हे मोलाचं वाटतं.

आपल्याकडे काय करता येईल? जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स खुली झाली. तुमची संस्था त्यात असेल आणि संशोधक तरीही ‘जर्नल मिळत नाही’ म्हणत असतील, तर अडचण खरेदीची नसेलही. लॉगिन वसतिगृहातून चालत नसेल, किंवा अशी सोय आहे हेच कोणी सांगितलं नसेल.

२२ प्रश्न नकोत, पाचच घ्या. पण किमान, अपेक्षित आणि प्रत्यक्ष हे तिन्ही रकाने ठेवा, आणि खाली मोकळी जागा सोडा. लोक खरं काय ते तिथेच लिहितात. निकाल आला की प्राचार्यांच्या आधी देवघेव काउंटरवर न्या, आणि परिचरांना विचारा, यातलं आपण या महिन्यात काय बदलू शकतो?

प्रश्नावलीचा मराठी नमुना हवा असेल, तर कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण तो मिळून तयार करू.