ऐहोळेचा शिलालेख : एक वर्ष, अनेक आकडे

कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, मलप्रभेच्या खोऱ्यात ऐहोळे हे गाव आहे. तिथल्या टेकडीवर मेगुतीचं जैन मंदिर उभं आहे. ते रविकीर्ती या कवीनं बांधवलं आणि त्याच्या भिंतीवर बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची प्रशस्ती कोरवली. नव्व्याण्णव हजार गावांची तीन ‘महाराष्ट्रकं’ याच लेखात येतात.

आपण थांबणार आहोत ते कालगणनेच्या दोन श्लोकांपाशी.

रविकीर्ती अंक लिहीत नाही. तीस, तीन हजार, सातशे आणि पाच असे सुटे शब्द तो छंदात ओवतो. बेरीज करा : भारतीय युद्धाला, म्हणजे महाभारतातल्या युद्धाला, ३७३५ वर्षं सरली. पुढे पन्नास, सहा आणि पाचशे. म्हणजे शक राजांची ५५६ वर्षं सरली.

आता वजाबाकी. उरतात ३१७९. परंपरा कलियुगाचा आरंभ या युद्धाशी जोडते, आणि शकात ३१७९ मिळवून गतकली, म्हणजे कलियुगाची सरलेली वर्षं, काढण्याची पंचांगातली रीत आजही हीच आहे! एका आकड्याच्या वाचनात चूक झाली असती, तर दुसऱ्यानं ती लगेच पकडली असती. म्हणून हे वर्ष निःशंक ठरतं : इसवी सन ६३४-३५.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. ३७३५ हा आकडा युद्धाच्या तारखेचा पुरावा नाही. सातव्या शतकातले विद्वान ते युद्ध केव्हा झालं असं मानत, एवढंच तो सांगतो.

याच सुमारास चीनमध्ये थांग सम्राट ताइझोंगच्या ‘झेनग्वान’ पर्वाचं आठवं वर्ष चालू होतं. इराणात तिसऱ्या यज्दगर्दला गादीवर बसून जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याच्या राज्यारोहणापासूनची गणना पारशी समाज आजही पाळतो. मदिनेत खलिफा अबू बक्र यांचं निधन झालं. ते वर्ष आपण हिजरी १३ म्हणतो, पण हिजरी गणना सुरू झाली ती त्यांच्यानंतर, खलिफा उमर यांच्या काळात. त्या दिवशी मदिनेत कुणीही ‘तेरा’ म्हटलं नसणार.

रविकीर्तीचे दोन आकडे मात्र त्याच वर्षी, त्याच दगडावर कोरले गेले. त्यांचं मोल फार मोठं आहे. हर्षवर्धनाचा पुलकेशीनं केलेला पराभव याच लेखात आहे, म्हणजे तो या वर्षाआधीचा. आणि शेवटी रविकीर्ती स्वतःची कीर्ती कालिदास आणि भारवी या संस्कृत कवींच्या तोडीची सांगतो. कालिदासानं स्वतःचा काळ कुठेच लिहून ठेवलेला नाही. पण शके ५५६ मध्ये त्याचं नाव दख्खनमध्ये मोठं झालेलं होतं. त्याला यानंतरच्या काळात ओढता येत नाही.