कपाटाची किल्ली

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त अकोले येथे एका निवृत्त विज्ञान शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘ग्रामीण माध्यमिक शाळांतील विज्ञानशिक्षण : आव्हाने आणि उपाय’. त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी एका कपाटाबद्दल बोलू द्या. गेली कित्येक वर्षं हे मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि इथे समोर निम्मे लोक शिक्षक आहेत, संस्थांचे पदाधिकारी आहेत. यापेक्षा चांगली जागा मला मिळणार नाही.

मी १९८६ साली या तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका शाळेत रुजू झाले. माझ्या आधीचे विज्ञानाचे सर निवृत्त होत होते. त्यांनी मला चार्ज दिला. चार्ज म्हणजे काय, हे इथल्या शिक्षकांना सांगायला नको. सुतळीत ओवलेली एक किल्ली आणि एक जाडजूड डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. आम्ही दोघं सकाळपासून संध्याकाळपर्यंत वस्तू मोजत होतो. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, तापमापक, लोलक, घोड्याच्या नालासारखे चुंबक. सगळं जागच्या जागी, खोक्यात, कागदात गुंडाळलेलं. मी हरखून गेले. एवढं सामान आपल्या शाळेत! सर जाताना म्हणाले, “बाई, मोजून घेतलंत, मोजूनच द्या. कपाट उघडू नका, म्हणजे निवृत्तीला त्रास होणार नाही.”

मला त्यांचा राग आला. माणूस तीस वर्षं विज्ञान शिकवतो आणि कपाट उघडू नका म्हणतो? त्यांना मी मनातल्या मनात बरंच बोलले. ते पुढे मला परत घ्यावं लागलं.

आणि कपाट बंद ठेवलं म्हणजे वस्तू टिकतात, हाही भ्रमच आहे बरं का. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. बंद कपाटात दोन पावसाळे काढले की सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी चढते. चुंबकाच्या टोकांना लोखंडाची पट्टी न लावता तो तसाच ठेवला तर हळूहळू त्याचा जोर जातो. हिराकस हिरवा होता, तो तपकिरी पडतो. चुन्याची निवळी बुचातून शिरणाऱ्या हवेनंच पांढरी होते. रबरी बुचं दगडासारखी होतात. रजिस्टरमध्ये मात्र सगळं ‘सुस्थितीत’. मी उघडलेल्या त्या कपाटातलं निम्मं सामान कुणाचाही हात न लागता मेलेलं होतं.

तर नववीचा वर्ग. पाण्याचा उत्कलनांक काढायचा प्रयोग. गॅस नाही, स्पिरिटचा दिवा होता पण स्पिरिट नव्हतं. मी घरचा स्टोव्ह नेला, रेशनचं रॉकेल नेलं, पातेलं नेलं. चोपन्न मुलं गोल करून बसलेली. दोऱ्यानं तापमापक टांगला. वाचन घ्यायला मी पुढे बसलेल्या एका मुलीला उठवलं. वाडीवरून चालत येणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी पोर. पाणी खळखळा उकळायला लागलं. ती म्हणाली, “बाई, साडेसत्त्याण्णव.”

“नीट बघ.”

“नीटच बघितलं. म्होरं जाईना.”

मी दुसरा तापमापक लावला. तोही साडेसत्त्याण्णवच दाखवायला लागला. मी म्हटलं, दोन्ही जुने आहेत, बिघडले असतील. आणि तिला सांगितलं, “पुस्तकात शंभर आहे ना? मग शंभर लिही.” तिनं एक अक्षर न बोलता शंभर लिहिलं.

त्या रात्री घरी कुकर लावला होता. शिट्टी झाली आणि मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून उभी राहिले. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभराच्या वर जातं, हे मी दरवर्षी शिकवत होते. मग डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणजे शंभराच्या खालीच उकळणार! शंभर अंश हे समुद्रसपाटीचं उत्तर. आमची शाळा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. साधारण तीनशे मीटर वर गेलं की एक अंश उतरतो. साडेसत्त्याण्णव! तापमापक बरोबर होते. ती मुलगी बरोबर होती. पुस्तकही खोटं नव्हतं, ते समुद्राकाठी बरोबर होतं. तिघांना एकत्र आणायचं काम माझं होतं, आणि तेच मी केलं नव्हतं. पोरीनं डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मी तिच्याच हातानं खोडायला लावली होती. आज इतक्या वर्षांनीही हे सांगताना मला त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात तिला सांगितलं, तुझं खरं होतं, माझं चुकलं. शंभर खोड आणि तुझा आकडा लिही. मग दाब, उंची, कुकर सगळं फळ्यावर आलं. मागून एका मुलानं विचारलं, “मग बाई, कळसूबाईवर किती येईल?”

असा प्रश्न मुलाकडून येणं ही शिक्षकाच्या आयुष्यातली केवढी मोठी गोष्ट असते! कळसूबाई १६४६ मीटर. फळ्यावर गणित मांडलं, साडेचौऱ्याण्णवच्या आसपास यायला हवं. मुलं म्हणाली, बघायचं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा जण बारी गावातून चढलो. एकाच्या डोक्यावर स्टोव्ह, एकाकडे रॉकेलची बाटली, एकाकडे पातेलं. तापमापक एका मुलाच्या शर्टात, छातीशी, टॉवेलात गुंडाळलेला. पायथ्याला एका आजींनी विचारलं, कुठं निघालात एवढं घेऊन? मुलांनी सांगितलं, पाणी वर लवकर उकळतं का ते बघायला. आजी म्हणाल्या, “उकळंल लवकर, पण डाळ शिजायची न्हाई. नवरात्रात वर डाळ घातली तर दुपार जाते.” आता बघा! मी बी.एस्सी. झाले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून डाळ उशिरा शिजते, हा सगळा धडा त्या आजींनी एका वाक्यात संपवला.

वर वारा असा, की स्टोव्ह पेटेना. देवळाच्या आडोशाला दोन मुलांनी घोंगडी धरली. उकळी आली. त्या मुलीनंच वाचन घेतलं. चौऱ्याण्णव आणि पंच्याण्णवच्या मधोमध! तिनं तीनदा वाचलं, वहीत लिहिलं, खाली तारीख घातली. पोरं घोंगडी टाकून नाचली.

उतरताना लोखंडी शिडीवर त्या मुलाचा पाय निसटला. त्याला लागलं नाही, पण शर्टातला तापमापक फुटला. पारा कातळाच्या भेगेत गेला. आम्ही तेव्हा कागदाच्या कपट्यानं तो गोळा करायचा प्रयत्न केला. आज मी कुठल्याही मुलाला पाऱ्याच्या जवळ जाऊ देणार नाही, हेही सांगून ठेवते. मुलगा शिडीच्या पायरीवर बसून रडायला लागला. “बाई, माझा बाप भरून देईल. दमानं देईल, पण देईल.” दोन तासांपूर्वी या पोरानं एक भाकीत तपासून खरं करून दाखवलं होतं, आणि आता त्याला दिसत होती ती फक्त काचेची किंमत.

अर्थात त्याच्या बापाला भरू दिलं नाही. मी भरले. पण मला लेखी खुलासा मागितला गेला. वसुली झाली, आणि रजिस्टरला शेरा पडला, ‘शिक्षिकेच्या निष्काळजीपणामुळे’. पैशाचं काही नाही हो. पण वर मिळालेला आकडा शाळेच्या कुठल्याही रजिस्टरात नव्हता, फुटलेली काच मात्र कायमची नोंदली गेली. तेव्हा मला आधीचे सर समजले. तो माणूस आळशी नव्हता. त्याला कुणीतरी असंच शिकवलं होतं.

माझं सगळं म्हणणं या कपाटात आहे. आपण म्हणतो, शाळांत साधनं नाहीत. नाहीतच. पण जी आहेत ती वापरायची भीती आपण शिक्षकाच्या पोटात घालून ठेवली आहे. जडवस्तू आणि फुटणाऱ्या वस्तू यांच्या वह्या वेगळ्या ठेवायची सोय आहे. निकामी वस्तू नोंदवहीतून कमी करायची निर्लेखन नावाची रीतसर पद्धत आहे. पण निर्लेखनाचा ठराव करायला कुणाला वेळ नसतो, म्हणून वीस वर्षांपूर्वी तडकलेलं चंचुपात्र पुढच्या माणसाच्या पेन्शनीच्या कागदाला चिकटतं. ज्या प्रयोगशाळेत वर्षभरात एकही परीक्षानळी फुटली नाही, तिथे मुलांनी प्रयोग केलेले नाहीत. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘काय फुटलं?’ असं कौतुकानं विचारावं, एवढंच मला हवं आहे.

आता ‘टाकाऊतून टिकाऊ’बद्दल. अरविंद गुप्ता यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्यांनी मुलांच्या हातात भूमिती दिली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतलं मुलांचं विज्ञान केंद्र, मुक्तांगण विज्ञान शोधिका, मी मुलांना घेऊन पाहिली आहे. ती खेळणी मी आयुष्यभर वर्गात वापरली. पण एका बैठकीत मला ऐकवलं गेलं, “स्ट्रॉ आणि फुग्यातून सगळं होतं, मग तुम्हाला अनुदान कशाला?” हे मला मान्य नाही. स्ट्रॉनं कुतूहल जागं होतं, पण साडेसत्त्याण्णव मोजायला तापमापकच लागतो. ०.१ ग्रॅम मोजायला तराजूच लागतो. रामन यांनी सूर्याचा प्रकाश, रंगीत काचा आणि डोळा यांवर सुरुवातीची निरीक्षणं केली, हे आज २८ फेब्रुवारीला ठिकठिकाणी सांगितलं गेलं असेल. पण पुढे त्यांनी पाऱ्याचा दिवा आणि वर्णपटलेखक वापरला, हेही मुलांना सांगा. कमी साधनांत काम करणं ही कसोटी आहे. तो आपला आदर्श होऊ नये.

आणि भाषा... अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं.

मग विषय घेते, भरभर.

भाषा. ‘ऊर्ध्वपातन’ हा शब्द मी फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग गप्प. आकृती काढली, तापवायचं भांडं, वाफेची नळी, थंड पाणी, खाली थेंब. एक मुलगा म्हणाला, “बाई, ही तर मोहाची भट्टी!” हसा, सगळा वर्ग हसला होता. पण त्या दिवसानंतर ऊर्ध्वपातन कुणी विसरलं नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांबरोबर काम केलं. सामान्य घरच्या मुलांना अडतं ते पुष्कळदा पुस्तकाच्या भाषेपाशी, विज्ञानापाशी नव्हे, हे त्या केंद्राच्या कामातून पुढे आलं. आपल्या ठाकर आणि महादेव कोळी मुलांना तर ही अडचण दुहेरी आहे.

माणसं. प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते. वनस्पतिशास्त्राची पदवीधर शिक्षिका भौतिकशास्त्रही शिकवते, गणितही शिकवते, शिवाय ऑनलाइन माहिती भरते. अंशतः अनुदानित शाळेतला शिक्षक पगाराच्या अनुदानाच्या वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांची वाट पाहत शेती करून शिकवतो. त्याला ‘नवोपक्रम करा’ सांगण्याआधी त्याचा पगार पूर्ण करा.

परीक्षा. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर चाळीस-चाळीस गुणांचे, प्रात्यक्षिकाचे वीस. हे वीस गुण प्रयोग न करता मिळतात. प्रयोगवही गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते, वाचनांसकट. म्हणजे ‘शंभर लिही’ हेच आपण बोर्डाच्या शिक्क्यानं शिकवतो. यावर उपाय माहीत नाही असं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला. सरकारी उच्च प्राथमिक शाळा, सहावी ते आठवी. प्रत्येक शाळेत साहित्याचा संच. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायचं. शिक्षकांच्या दरमहा बैठका व्हायच्या. तीस वर्षं हे चाललं, शेकडो शाळांत पोहोचलं. २००२ मध्ये सरकारनं बंद केलं. आपल्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबाग यांनी १९८३ पासून हातानं काम करत शिकण्याची वाट घालून दिली, ती अजून चालू आहे. तिथे जाऊन या.

राहिलं ते इथल्या पदाधिकाऱ्यांसाठी. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून इतर खर्चाचं, येईल तेव्हा येईल. तोवर दरवर्षी फुटतुटीसाठी एक ठरावीक रक्कम संस्थेनं बाजूला काढावी, ती खर्च झाली नाही तर शिक्षकाला कारण विचारावं. जूनच्या पहिल्या सभेत जुन्या वस्तूंच्या निर्लेखनाचा ठराव करून टाकावा. प्रयोगशाळेत पाण्याचा एक नळ द्यावा, कारण पाण्याशिवाय आम्ल कुणी मुलांच्या हातात देऊ शकत नाही. आणि कपाटाची एक किल्ली दहावीच्या दोन मुलांकडे असू द्या. माझ्या शाळेत शेवटची बारा वर्षं ती मुलांकडेच होती.

वेळ संपली. बाहेर व्हरांड्यात मी स्टोव्ह आणि पातेलं ठेवलं आहे, आणि एक तापमापक, लाल द्रवाचा. अकोल्यात पाणी किती अंशाला उकळतं याचा आपापला अंदाज आधी कागदावर लिहा, मग या. लहान मुलांना पुढे येऊ द्या, वाचन तीच घेतील.