व्हरमाँटचा लोकरी मोजा

(दृश्य : पानगळ झालेले जंगल, मधून जाणारी दगडी भिंत)

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात, मॅपल आणि बीचच्या झाडांमधून ही दगडी भिंत टेकडी चढत गेलेली आहे. भिंतीच्या दोन्ही अंगांना जंगलच आहे, त्यामुळे ती कोणी आणि कशासाठी रचली असेल, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. दोनशे वर्षांपूर्वी या टेकडीवर कुरणे होती आणि या भिंती मेंढ्यांसाठी रचल्या गेल्या.

मेरिनो ही मऊ लोकरीची जात स्पेनने पिढ्यान् पिढ्या स्वतःपाशी राखून ठेवली होती. नेपोलियनच्या स्वारीत स्पेनची घडी विस्कटली, तेव्हा शेजारच्या पोर्तुगालमधील लिस्बन येथील अमेरिकेचा वाणिज्यदूत विल्यम जार्विस याने हजारो मेरिनो मेंढ्या जहाजांवर चढवून मायदेशी पाठवल्या आणि 1811च्या सुमारास त्यांतला एक कळप व्हरमाँटमधील वेदर्सफील्ड येथे स्वतःच्या शेतावर आणला. त्यानंतर जे घडले ते या राज्याच्या इतिहासातले सर्वांत वेगवान स्थित्यंतर म्हणावे लागेल. 1840च्या गणनेत येथे सुमारे 17 लाख मेंढ्या होत्या आणि माणसे तीन लाखही नव्हती. कुरणांसाठी डोंगरच्या डोंगर उघडे झाले, हरणांचा आसरा गेला, आणि उरल्यासुरल्या हरणांसाठी 1865 मध्ये शिकारच बंद करावी लागली.

पुढे आयात लोकरीवरचे जकातीचे संरक्षण घटले, पश्चिमेकडील स्वस्त लोकर रेल्वेने येऊ लागली आणि मेंढपाळ शेते सोडून निघून गेले. मोकळ्या कुरणांत झाडे पुन्हा उगवली. 1878 मध्ये न्यूयॉर्क राज्यातून पांढऱ्या शेपटीची 17 हरणे आणून येथे सोडण्यात आली, आणि 1897 मध्ये शिकारीचा हंगाम पुन्हा सुरू झाला. आज राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. ज्या मेरिनोने हे जंगल एकदा गिळले, त्याच मेरिनोच्या लोकरीचे मोजे घालून शिकारी आज या जंगलात शिरतात, ही गोष्ट आम्हाला या चित्रीकरणात पावलोपावली आठवत राहिली.

(दृश्य : पहाट, बुटांच्या नाड्या बांधणारे हात)

बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा येथील मुख्य हंगाम नोव्हेंबरात सोळा दिवसांचा असतो. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला मनाई आहे. येथे मात्र हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे ते सरकारमान्य साधन आहे. या दिवसांत पहाटे पारा शून्याखाली असतो आणि दुपारी पडलेला बर्फ वितळून पायवाटेचा चिखल होतो. थंडी आणि ओल एकाच दिवशी सोसावी लागणे, हीच पायांची खरी परीक्षा आहे.

शिकाऱ्यांचे दोन प्रकार येथे दिसतात आणि दोघांचे मोजे वेगळे असतात. एक जण बर्फात उमटलेल्या खुरांचा माग काढत दिवसभर चालतो. त्याचे पाय घामेजतात, म्हणून त्याला मध्यम जाडीचा, घाम शोषून बाहेर सोडणारा मोजा लागतो. दुसरा झाडाला टेकून किंवा मचाणावर चार-पाच तास निश्चल बसतो; त्याच्या पायात रक्ताची हालचाल मंदावते, म्हणून त्याला पोटरीपर्यंत चढणारा आणि तळव्याला जाड गादी असलेला मोजा हवा असतो. जाणते शिकारी जागेपर्यंत पातळ मोज्यांवर चालत जातात आणि बसण्यापूर्वी पिशवीतले कोरडे, जाड मोजे घालतात. हा उपाय साधा आहे, पण कोणत्याही महागड्या बुटापेक्षा अधिक गुणकारी आहे.

(दृश्य : सुताच्या रिळांवरून फिरत्या यंत्राकडे)

मोज्याची पारख करायची असेल, तर तो विणला कसा जातो ते आधी पाहावे लागते. व्हरमाँटमधल्या नॉर्थफील्ड गावात मार्क कॅबट यांनी 1978 मध्ये मोज्यांची गिरणी सुरू केली. इतरांच्या नावाने मोजे विणून देण्याचा तिचा धंदा पुढे बसत गेला, तेव्हा त्यांचे पुत्र रिक कॅबट यांनी 2004 मध्ये ‘डार्न टफ’ या नावाने स्वतःचे मेरिनो मोजे बाजारात आणले आणि त्यांना आयुष्यभराची हमी दिली. मोजा फाटला, तर तो परत पाठवायचा आणि त्याच्या बदल्यात नवा घ्यायचा.

मोजे विणण्याच्या यंत्रात एक नळकांडे असते आणि त्याच्या परिघावर सुया उभ्या लावलेल्या असतात. सुई वर जाते, सूत पकडते, खाली येताना जुन्या टाक्यातून नवा टाका ओढून घेते, आणि नळकांडे फिरत असताना प्रत्येक सुई हेच करत राहते. त्याच घेरात सुया जितक्या अधिक, तितका टाका बारीक आणि वीण दाट. जाड्याभरड्या मोज्यांच्या यंत्रावर शंभराच्या आसपास सुया असतात, तर बारीक विणीच्या यंत्रावर दीडशेहून अधिक. टाचेपाशी आल्यावर नळकांडे पूर्ण न फिरता मागेपुढे झुलते, आणि त्या झुलण्यातूनच टाचेची खोलगट वाटी तयार होते. तळव्याची गादीही वेगळी शिवलेली नसते. विणतानाच आतल्या बाजूला सुताचे लांब फास सोडले जातात आणि टॉवेलसारखा लुसलुशीत थर उभा राहतो. शेवटी बोटांकडचे तोंड बंद होते. तेथे शिवणीचा उंचवटा राहिला, तर तो दिवसभर बोटांना घासतो, म्हणून चांगल्या मोज्यात ही जोडणी सपाट केलेली असते. त्यानंतर मोजे पायाच्या आकाराच्या धातूच्या साच्यांवर चढवून वाफवले जातात.

(दृश्य : लोकरीच्या तंतूचे सूक्ष्मदर्शकातील चित्र)

मेरिनोचा तंतू सुमारे वीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, म्हणून तो टोचत नाही. तीस मायक्रॉनच्या पुढची लोकर बहुतेकांच्या त्वचेला खुपते. तंतूला जन्मतःच नागमोडी वळणे असतात, त्या वळणांत हवा अडकते, आणि पायाला ऊब मिळते ती या अडकलेल्या हवेमुळे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश इतकी वाफ पोटात घेऊनही ओली लागत नाही, आणि ही वाफ शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. सुती मोजा भिजला, की हवेच्या जागी पाणी भरते, आणि पाणी हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या ओलीने हजारो सैनिकांचे पाय सडले, ते हाडे गोठवणाऱ्या थंडीत नव्हे, तर शून्याच्या थोड्या वरच्या तापमानातच.

निव्वळ मेरिनोचा मोजा उबदार असला, तरी टाचेवर लवकर विरतो. म्हणून लोकरीबरोबर नायलॉन विणतात आणि घट्टपणासाठी थोडा इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा धागा, घालतात. ‘शंभर टक्के लोकर’ या शब्दांना भुलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या मोज्यात साठ ते सत्तर टक्के मेरिनो आणि उरलेल्यात बहुतांश नायलॉन असते, तो रानात अधिक टिकतो. दुकानात मोजा हातात घ्यावा, मूठ आत घालून टाच ताणावी आणि उजेडासमोर धरावी. टाक्यांमधून प्रकाश सहज आरपार येत असेल, तर तो मोजा कितीही गुबगुबीत लागला, तरी दोन हंगामांत उसवेल.

(दृश्य : बुटात पाय घालून पाहणारा ग्राहक)

मोज्याची उंची बुटाच्या काठाच्या वर यायला हवी आणि माप पायाचे असावे, बुटाचे नव्हे. सैल मोज्याला चुण्या पडतात व चुणीखाली फोड येतो. जाड मोजा तंग बुटात कोंबणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, कारण त्यात हवाही चेपली जाते आणि रक्तही अडते; परिणामी पातळ मोज्यापेक्षा पाय अधिक गारठतो. बूट घेताना हिवाळी मोजे सोबत नेऊन, बोटे आत मोकळी हलतात ना, हे पाहूनच बूट घ्यावा. उत्तराखंडातील केदारकंठ्याच्या बर्फात जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या ट्रेकरलाही हीच कसोटी लावता येते.

मोजे उलटे करून थंड किंवा कोमट पाण्यात धुवावेत, पिळू नयेत आणि शेकोटीजवळ किंवा हीटरवर वाळवू नयेत, कारण उष्णता नायलॉन आणि इलॅस्टेन दोन्ही खराब करते. टाच विरळ दिसू लागली, की भोक पडण्याची वाट न पाहता लोकरीच्या सुताने आडवे-उभे टाके घालून रफू करावे; भोक पडल्यावर तेच काम चौपट वाढते.