गरम पाणी वर, गार पाणी खाली

(कोल्हापुरात लॉजमालक, वसतिगृहांचे व्यवस्थापक आणि प्लंबर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. मागच्या रांगेत प्लंबर मंडळी बसली आहेत. त्यांनी कृपा करून पुढं यावं, कारण आज मी जे बोलणार आहे ते बरंचसं त्यांच्या हातात आहे.

हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारा हीट पंप घेताना आपण काय विचारतो? कॉम्प्रेसर कुणाचा, सीओपी (म्हणजे एक युनिट विजेत किती युनिट उष्णता मिळते तो आकडा) किती, वॉरंटी किती वर्षं. टाकीबद्दल मात्र एकच प्रश्न असतो, किती लिटरची? माझं म्हणणं असं आहे की यंत्र कितीही चांगलं आणलं तरी लाइट बिल टाकीच्या आत ठरतं. टाकीत गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असं वेगवेगळं राहिलं, तरच त्या यंत्राला दिलेले पैसे वसूल होतात.

आधी हिशोब मांडू. १००० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायचं, तर ३०,००० किलोकॅलरी लागतात, म्हणजे जवळपास ३५ युनिट. कॉइलच्या गीझरला तेवढी वीज द्यावीच लागते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात आणून सोडतो, म्हणून सीओपी साडेतीन असेल तर १० युनिटांत भागतं. पण हा साडेतीनचा आकडा कायमचा नसतो. हवा आणि पाणी यांच्या तापमानातलं अंतर जितकं जास्त, तितकी उचल मोठी आणि वीजही जास्त. ढोबळ मानानं एका अंशाला दोन टक्के धरा. आता टाकी ढवळली गेली आणि यंत्राकडं २५ ऐवजी ४५ अंशांचं पाणी जायला लागलं, तर काय होईल? यंत्र तेच आणि हवा तीच, पण सीओपी अडीचवर येऊन बसतो. १० युनिटांचं काम १४ युनिटांत होतं आणि मालक म्हणतो, मशीन खराब निघालं.

आपल्याकडच्या जुन्या तांब्याच्या बंबाला हे कळत होतं. तोटीचा बंब ज्यांनी वापरला असेल त्यांना आठवेल. नरसाळ्यात गार पाणी ओतल्याशिवाय तोटीतून गरम पाणी येत नसे. ओतलेलं पाणी आतल्या नळीनं थेट तळाशी जायचं आणि वरचं कढत पाणी ढकललं जाऊन बाहेर पडायचं. म्हणजे बादलीभर गार घातलं तरी बादलीभर गरमच मिळायचं. ६० अंशांच्या एका लिटर पाण्याचं वजन ९८३ ग्रॅम भरतं, २५ अंशांच्या पाण्याचं ९९७ ग्रॅम. फरक फक्त १४ ग्रॅमचा, पण कुणी ढवळलं नाही तर तेवढ्यावर दोन थर तासन्‌तास वेगळे राहतात.

मग ढवळतं कोण? आपणच. १० किलोवॉट उष्णता देणारं यंत्र घ्या. बहुतेक ठिकाणी ते टाकीतलं पाणी पुन्हापुन्हा फिरवून दर फेरीत पाचेक अंशांनी तापवतं. त्यासाठी मिनिटाला जवळजवळ ३० लिटर पाणी फिरवावं लागतं. एक इंची पाइपातून ते सेकंदाला एक मीटर वेगानं टाकीत घुसतं आणि थर मोडून टाकतं. तेच यंत्र एका फेरीत ३५ अंश चढवणारं असेल तर मिनिटाला चार लिटर पुरतात. तळातून गार पाणी सावकाश ओढायचं आणि तयार गरम पाणी वरच्या तोंडाशी सोडायचं. यंत्र नवं घेताना ही एका फेरीची सोय मागून घ्या. कार्बन डायऑक्साइडवर चालणारे हीट पंप जपानमध्ये २००१ पासून घरोघरी बसवायला सुरुवात झाली, त्यांना तर याशिवाय गत्यंतरच नाही. तो वायू ३१ अंशांच्या वर द्रवरूप होतच नाही, त्यामुळं आत येणारं पाणी गार नसेल तर त्या यंत्राचा सगळा फायदा जातो.

यंत्र जुन्या पद्धतीचं असेल तरी करण्यासारखं पुष्कळ आहे. टाकीच्या आत पाइपाचं तोंड उघडं सोडू नका. टी (तीन तोंडांचा जोड) लावून आडवी, भोकं पाडलेली नळी बसवा, म्हणजे पाणी पसरून हळू येईल. टाकी बुटकी आणि रुंद घेण्यापेक्षा उभी घ्या, उंची व्यासाच्या अडीच-तीन पट. दोन टाक्या असतील तर समांतर न जोडता एकीच्या मागं एक जोडा. यंत्र चालू करणारा सेन्सर तळाशी नको. तिथं असला की कुणी एक बादली घेतली तरी कॉम्प्रेसर सुरू होतो. टाकीचा वरचा एक तृतीयांश भाग जिथं संपतो तिथं तो बसवा.

आणि आता ती गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खुपते. तिसऱ्या मजल्यावर नळ उघडताच गरम पाणी यावं म्हणून लॉजमध्ये रिंग लाइन, म्हणजे सगळ्या नळांपर्यंत फिरून परत टाकीत येणारी पाइपलाइन, टाकतात आणि तिचा पंप २४ तास चालू ठेवतात. ५५ अंशांचं पाणी वाहणारा एक इंची उघडा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप दर मीटरला साधारण ३० वॅट हवेत सोडतो. ६० मीटर लाइन धरली तर दिवसाला ४३ युनिट उष्णता गेली. हजार लिटर पाणी तापवायला ३५ लागत होती! म्हणजे पाहुण्यांच्या अंघोळीपेक्षा भिंतीच जास्त तापवल्या. वर ते कोमट परतीचं पाणी टाकीच्या तळाशी सोडलं जातं आणि यंत्राला हवा असलेला गार थर नासवतं. पाइपांना, वॉल्व्हला आणि फ्लँजलासुद्धा इन्सुलेशन करा, पंपाला टायमर लावा आणि परतीची लाइन टाकीच्या मधल्या उंचीला जोडा.

कोल्हापूरचं गणित थोडं वेगळं आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली मंडळी रात्री उतरतात आणि पहाटे साडेचारला सगळ्या खोल्यांत एकदम अंघोळी सुरू होतात. म्हणून पहाटे तीनला यंत्र लावायची पद्धत पडली आहे. डिसेंबरात त्या वेळी हवा १५ अंशांच्या आसपास असते आणि दुपारी तीच हवा तिशीला टेकते. १५ अंशांचा फरक, म्हणजे तीस टक्क्यांच्या घरात वीज. टाकीला ५० मिलिमीटर पफ (फोमचं इन्सुलेशन) नीट असेल तर रात्रभरात हजार लिटर पाणी अंशभर, फार तर दोन अंश उतरतं. मग दुपारीच तापवून का ठेवू नये? पावसाळ्यात सोलर आपली साथ सोडतो, पण हीट पंपाला ती दमट हवा चालते, कारण वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तीही त्याला मिळते. फक्त यंत्र दोन इमारतींमधल्या बोळात कोंबू नका. त्यानंच फेकलेली गार हवा परत त्याच्याच तोंडात जाते.

तापमान कमी ठेवून वीज वाचवा असं मी सरसकट सांगणार नाही. २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो. त्याच्यामुळं न्यूमोनिया होतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर बेततं. जिथं अनेक लोक अंघोळ करतात तिथं साठवण ६० अंशांवरच ठेवा आणि नळाशी गार पाणी मिसळणारा मिक्सिंग वॉल्व्ह लावून ते खाली आणा.

उद्या सकाळी सात वाजता एवढं करा. टाकीच्या पत्र्याला, इन्सुलेशनच्या आत, वर, मध्ये आणि खाली असे तीन थर्मामीटर चिकटवा. वर ६० आणि तळाला २८ दिसलं तर टाकीला हात लावू नका. तिन्हीकडं चाळीसच्या आसपास दिसलं, तर मशीनवाल्याला फोन करण्याआधी प्लंबरला बोलवा आणि टाकीत पाइप कुठं उघडतो ते त्याच्याबरोबर उभं राहून बघा.