रिसेप्टरचं मॉडेल तर आलं, पण चालू की बंद?

स्क्रीनवर फिरतोय तो बीटा-2 अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टर, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा संदेश पेशीच्या आत पोचवणारं प्रोटीन. 413 अमिनो आम्लांचा क्रम अल्फाफोल्डला, म्हणजे क्रमावरून प्रोटीनचा आकार वर्तवणाऱ्या एआय प्रोग्रामला, दिला आणि त्याने ही घडी काढून दिली. गडद निळ्या भागावर त्याचा स्वतःचा भरवसा 100 पैकी 90च्या वर आहे. नारिंगी शेपटी 50च्या खाली.

पेशीपटलातून आरपार जाणारे सात हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखे पिळाचे भाग, सहसा चुकत नाहीत. पेशीपटलाचा तेलकट थर साधारण 30 अँगस्ट्रॉमचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग), हेलिक्समध्ये दर अमिनो आम्लामागे 1.5 अँगस्ट्रॉम पुढे सरकतो, म्हणजे आरपार जायला किमान 20 लागतात. तिरका असेल तर आणखी चार-पाच.

नारिंगी भाग बघून प्रोग्रामला नावं ठेवू नका. पाचव्या-सहाव्या हेलिक्समधला आतला लूप आणि शेवटची शेपटी खरोखरच सैल असते. मात्र अल्फाफोल्डला पेशीपटल दिसत नाही, त्यामुळे ही शेपटी कधीकधी थेट पटलाच्या जागेतून काढलेली असते. ती कापा, मगच पुढे जा.

आता खरी गोम. रिसेप्टर चालू होतो तेव्हा सहाव्या हेलिक्सचं आतलं टोक जवळपास 14 अँगस्ट्रॉम बाहेर सरकतं. तुमच्या हातात मात्र एकच चित्र, आणि ते कुठल्या अवस्थेतलं हे फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. भरवशाचा आकडा 95 असला तरी तो हे सांगत नाही! म्हणून मॉडेल याच रिसेप्टरच्या दोन प्रायोगिक रचनांवर बसवून पाहा (नावं म्हणजे प्रोटीन डेटा बँकेतले कोड): 2007ची 2आरएच1, ही बंद, 2011ची 3एसएन6, ही जी-प्रोटीनसकट, म्हणजे संदेश पुढे नेणाऱ्या आतल्या प्रोटीनसकट, चालू. सहावा हेलिक्स कुणाशी जुळतो ते लगेच दिसेल.

दुसरी अवस्था हवी असेल तर कोलॅबफोल्डमध्ये (अल्फाफोल्ड ऑनलाइन चालवायची सोय) नातेवाईक प्रोटीनांचे क्रम मुद्दाम कमी द्या, max-msa सेटिंग 16:32 इतकं, आणि सीड, म्हणजे यादृच्छिक सुरुवातीचा आकडा, बदलत पुष्कळ मॉडेल्स काढा. त्याहून कमी केलं तर घडीच मोडू शकते. किंवा चालू अवस्था हवी असेल तर जी-प्रोटीनचा क्रम सोबत द्या. हा मार्ग मला जास्त सरळ वाटतो.

औषधाचे रेणू बसवायची घाई मात्र नको. प्रोटीनचा कणा बरोबर असूनही खिशातल्या, म्हणजे औषध बसतं त्या खाचेतल्या, अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या चुकीच्या वळलेल्या असू शकतात. आधी कॅराझोलॉल बसवून बघा, 2आरएच1मध्ये बसलेलं औषध तेच. त्याचा अमाइन नायट्रोजन 113व्या जागेवरच्या अ‍ॅस्पार्टेट या अमिनो आम्लाजवळ आला पाहिजे. नाही आला, तर लाखभर रेणूंची यादी चालवू नका. खिशातल्या साखळ्या मोकळ्या सोडून डॉकिंग, म्हणजे रेणू बसवून बघणं, पुन्हा करा.