सांदण दरी: दोरीपेक्षा रांग सांभाळा

नमस्कार मंडळी. सांदणला जायचं म्हटलं की मुंबईतल्या नव्या ट्रेकरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रॅपलिंग, म्हणजे दोरीने कडा उतरणं, जमेल ना? जमेल. हार्नेस, म्हणजे कमरेचा सुरक्षापट्टा, नीट बांधलेला असेल, खाली बीले, म्हणजे पडणाऱ्याला रोखणारा दोर, धरणारा जाणता असेल, तर पहिल्यांदा उतरणाराही सुखरूप उतरतो. मला खरी काळजी वाटते ती दोरीपाशी लागणाऱ्या रांगेची. ती का, हे आज नीट सांगतो.

[नकाशा]

हे बघा. हा भंडारदऱ्याचा जलाशय, ही रतनवाडी, हे साम्रद. गाव अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात. जवळच रतनगड आणि आजोबाचा डोंगर, आणि सह्याद्रीची धार चिरत कोकणात उतरणारी ही दरी. वर पाऊल ठेवलंत तेव्हा अहिल्यानगर, खाली देहण्याला पोचलात की ठाणे जिल्हा, शहापूर तालुका. लांबी साधारण दोन किलोमीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती दोन-तीनशे फूट सहज, आणि काही ठिकाणी दरी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर बोटं कातळाला लागतात. तळाशी ऊन जेमतेम पोचतं. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा आत गारठा असतो.

आता ही दरी अशी का, ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. थंड होताना तो आकसला आणि त्यात उभ्या भेगा पडल्या. पावसाचं पाणी अशाच भेगांत शिरतं आणि त्या रुंदावत जातं. पण सगळे थर सारखे नाहीत. भिंतीजवळ गेलात तर हात लावून बघा: एखादा पट्टा गुळगुळीत, काळा, टणक, त्याच्या लगतचा पट्टा भुसभुशीत, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला. ते ठिपके म्हणजे लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, त्यांत नंतर झिओलाइटसारखी खनिजं भरली. मऊ थर लवकर झिजतो, टणक थर उंबरठ्यासारखा राहतो. अशा उंबरठ्यांवरूनच आपल्याला दोर टाकून उतरावं लागतं. असे टप्पे एकाहून जास्त आहेत, मोठा सुमारे 45 फुटांचा.

आता हिशोब करा. हार्नेस तपासणं, दोरीत अडकवणं, माणूस उतरणं, खाली सोडवणं: नवख्या माणसाला सहा मिनिटं धरा. ग्रुप 30 जणांचा असेल तर एका टप्प्यावर तीन तास. एका टप्प्यावर! शनिवार-रविवारी असे तीन-चार ग्रुप एकामागोमाग आत असतात. म्हणजे काळोख पडला तरी शेवटची माणसं वरच, भिजलेल्या बुटांत, थंडीने कुडकुडत, आणि त्यांच्या डोक्यावर सुट्या दगडांनी भरलेली भिंत. अपघाताला वाव तिथे असतो. म्हणून माझं मत अगदी स्पष्ट आहे. पंधराच्या वर ग्रुप नको, आणि एका दिवसात धावतपळत सांदण उरकायची नाही.

मग कशी करायची? तीन दिवस काढा. शुक्रवारी रात्रीच्या कसारा लोकलने निघा, कसाऱ्याहून जीपने घोटीमार्गे रतनवाडी. सकाळी अमृतेश्वराचं दर्शन घ्या. त्या देवळाच्या कोरीवकामाला अर्धा तास द्याच. मग रतनगड. शिड्या चढून वर, नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसून कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग हे गड बघायचे, आणि गडाच्या त्र्यंबक दरवाजातून खुट्टा सुळक्याच्या बाजूने साम्रदला उतरायचं. मुक्काम गावात. भाकरी, पिठलं, ठेचा, आणि लवकर झोप.

दुसरा दिवस पूर्ण दरीचा. गावातला वाटाड्या घ्याच. त्या आठवड्यात डोहात पाणी किती, कुठला दगड हललाय, आग्या मोहोळ कुठे लागलंय, हे त्यालाच माहीत असतं. मोहोळाचं गांभीर्याने घ्या: अत्तर, सेंट नको, धूर नको, आरडाओरडा नको. दरीत पळायला जागा नाही.

सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर पाणी कमरेच्या वर, फेब्रुवारीत बरंच कमी. सॅक डोक्यावर घ्यायची, पाय उचलून टाकायचा नाही, तळाशी सरकवायचा. मग मोठमोठ्या धोंड्यांचा पट्टा. इथे पुढचे भराभर जातात आणि मागचा एकटा पडतो, म्हणून सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि सगळ्यात अनुभवी माणसाला सगळ्यांच्या मागे. दगड सुटला की "दगड!" एवढंच मोठ्याने ओरडायचं, आणि खालच्याने वर न बघता भिंतीला चिकटायचं. हेल्मेट पहिल्या पावलापासून डोक्यावर हवं, फक्त दोरीपाशी नाही.

रात्री खालच्या मोकळ्या जागेत मुक्काम. बाण सुळका इथून असा काही दिसतो की थकवा विसरायला होतो. तिसऱ्या दिवशी दोन पर्याय: करोली घाटाने चढून परत साम्रद, नाहीतर सरळ देहणे. दम असेल तर करोली घाट करा, जुनी घाटवाट आहे, सुंदर आहे.

पावसाळ्यात आत पाऊल टाकायचं नाही. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तरी नाही, कारण वरच्या पठारावरचं पाणी याच चिरेत येतं आणि मधून बाहेर पडायला वाट नाही. पैसे भरलेत म्हणून जाऊ नका.

पैसे भरण्याआधी लीडरला हे विचारा: माणसं किती? एका टप्प्यावर दोर किती लावणार? पहिला माणूस किती वाजता दरीत शिरणार? मागे कोण राहणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा ग्रुप शोधा. आणि देहण्याला उतरणार असाल तर आसनगाव स्टेशनपर्यंतची जीप शुक्रवारीच ठरवून ठेवा, खाली रेंजचा भरवसा नसतो.