लहान मुलांना आफ्रिकान्सचे पहिले शब्द

नमस्कार मंडळी. दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच शाळांत पहिलीपासून 'पहिली अतिरिक्त भाषा' म्हणून आफ्रिकान्स शिकवतात. 'कॅप्स' या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने तिला पहिली-दुसरीत आठवड्याला २ ते ३ तास दिले आहेत, तिसरीत ३ ते ४. आपल्या मुलांची घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि त्यावर ही तिसरी. वेळ थोडा, म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्याकडे सगळ्यांचा कल असतो. माझा त्या याद्यांनाच विरोध आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला सुटा शब्द द्यायचाच नाही. तो छोट्या हुकमातून, हालचालीतून कानावर पडू द्यायचा आणि तोंडातून येईपर्यंत वाट पाहायची.

अर्ध्या तासाचा पाठ घेऊ. नवे शब्द चार, फार तर पाच. समजा 'बाल' म्हणजे चेंडू, 'बुक' म्हणजे पुस्तक, 'स्तूल' म्हणजे खुर्ची आणि 'तास' म्हणजे दप्तर. चित्रं नकोत, खऱ्या वस्तू टेबलावर ठेवा. 'फात दी बाल', म्हणजे चेंडू घे, असं म्हणत शिक्षकाने आधी स्वतः चेंडू उचलायचा. मग मुलांबरोबर तेच करायचं. तिसऱ्या फेरीत शिक्षकाने हात पाठीमागे बांधून नुसतं बोलायचं. ही तिसरी फेरी अनेक वर्गांत गाळली जाते आणि तिथेच घोटाळा होतो. तोवर मुलं शब्द ऐकत नसतात, शिक्षकाचा हात पाहत असतात. शिवाय हुकमांचा क्रम बदलता ठेवा, नाहीतर मुलं क्रमच पाठ करतात. हुकमाला अंगाने उत्तर देण्याची ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी मांडली आणि कॅप्सनेही ती स्वीकारली आहे.

त्यानंतर प्रश्न, तेही चढत्या पायरीने. 'इस दित अ बाल?', म्हणजे हा चेंडू आहे का, याला 'या' किंवा 'निअ', म्हणजे हो किंवा नाही, एवढंच उत्तर पुरे. मग 'इस दित अ बाल ओफ अ बुक?', म्हणजे हा चेंडू की पुस्तक. इथे मूल पहिल्यांदा शब्द उच्चारतं, पण तो त्याने आत्ताच ऐकलेला असतो. 'वात इस दित?', म्हणजे हे काय आहे, हा प्रश्न शेवटी. पालक घरी नेमका याच प्रश्नापासून सुरुवात करतात, मूल गप्प बसतं आणि 'याला काही येत नाही' असा निष्कर्ष निघतो. हुकूम बरोबर पाळणारं मूल कित्येक आठवडे बोललं नाही, तरी ते शिकतच असतं.

तेच शब्द दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत परत आणा, मग दोन दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यात वेगळ्या वाक्यात: 'सित दी बुक ओप दी स्तूल', पुस्तक खुर्चीवर ठेव. एकदा शिकवून पुढे गेलं की शब्द विसरले जातात, त्यात मुलाचा दोष नाही.

कोणते शब्द एकत्र आणायचे नाहीत, हे तर फार जपायला हवं. 'हांत' म्हणजे हात आणि 'होंत' म्हणजे कुत्रा, फरक एका स्वराचा. एकाच आठवड्यात दोन्ही दिलेत तर ते बरेच दिवस एकमेकांत मिसळत राहतील. पिवळा आणि हिरवा या दोन्ही रंगांच्या नावांची सुरुवात घशातल्या घासणाऱ्या 'ख़'ने होते, म्हणून तेही वेगळे ठेवा. आधी 'रोय', लाल, पक्का होऊ द्या, मग हिरवा, पिवळा त्यानंतर. सगळे रंग किंवा सगळे अवयव एका पाठात उरकणं वहीत छान दिसतं, डोक्यात मात्र गोंधळ करतं.

मराठी मुलांच्या दोन खास अडचणी शिक्षकांना कळवून ठेवा. आफ्रिकान्समध्ये दहाचा उच्चार आपल्या 'तीन'च्या अगदी जवळचा आहे, तेव्हा मूल तीन बोटं दाखवेल. आणि 'बाबा' म्हणजे तान्हं बाळ! कुटुंबाचं चित्र पाहताना मूल वडिलांकडे बोट दाखवेल, ती चूक समजू नका.

पण मराठीचा फायदाही मोठा आहे. फूल-फुलं, झाड-झाडं म्हणताना आपण अनेकवचनात शेवटी 'अ' लावतो, तसंच तिथे अनेकदा होतं: 'ब्लोम' एक फूल, 'ब्लोमं' अनेक. 'होंत' एक, 'होंदं' अनेक. इथे 'त'चा 'द' होतो, म्हणून एकवचन आणि अनेकवचन जोडीनेच द्या. पस्तीसमध्ये आपण पाच आधी आणि तीस नंतर म्हणतो. आफ्रिकान्सचं 'फेइफ एन देर्तख़'ही तसंच, इंग्रजीच्या उलट. मोठ्या माणसांना 'ओअम' आणि 'तानी' म्हणायची रीत तर काका-मावशी म्हणणाऱ्या मुलाला शिकवावी लागतच नाही. बाईंना 'युफ्राउ' म्हणायचं, हा शब्द मात्र पहिल्याच दिवशी द्या.

नकारही नियम सांगून शिकवू नका. 'दित इस नी अ होंत नी', हा कुत्रा नाही. 'नी' दोनदा येतो. अख्खं वाक्य खेळात घ्या, मांजर दाखवून 'हा कुत्रा का?' असं विचारत राहा. नुसता 'नी' शिकवला तर शेवटचा 'नी' गळतो आणि मग ती सवय मोडता मोडत नाही.

लिखाण उशिरा आणा. इंग्रजी वाचायला शिकलेलं मूल 'व्ही' अक्षर पाहून 'व' म्हणतं, तिथे उच्चार 'फ' हवा. 'डब्ल्यू'चा उच्चार 'व', 'जे'चा 'य'. त्यात हात, पाणी, पेन यांची स्पेलिंगं दोन्ही भाषांत एकच असल्याने मूल निःशंकपणे इंग्रजी उच्चार करतं. शब्द कानात बसल्यावरच कागदावर दाखवा. स्वतःला उच्चार येत नसेल तर पुस्तकातून वाचून दाखवू नका. त्या आठवड्याचे पाच हुकूम बाईंकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि घरी तेच ऐकवून मुलाबरोबर उठा-बसा.